गोचिडीच्या पोटातील बिऱ्हाडे

पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले, की आमच्या ह्या सीमाभागात दोन तक्रारी बरोबरच ऐकू येतात. एक गोठ्यातली. संकरित गाय चारा सोडून उभी राहते, अंग तापते, मानेजवळच्या व खांद्यापुढच्या गाठी सुजतात, किंवा लघवीला कॉफीसारखा रंग येतो. दुसरी तक्रार घरातली. काजूच्या बागेत कामाला गेलेल्या किंवा रानातून पातेरा गोळा करून आणलेल्या माणसाला एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, आणि कंबर, पोटऱ्या अशा दुखतात की त्याला उठवत नाही. ह्या दोन्हींच्या मुळाशी पुष्कळदा एकच प्राणी असतो, तो म्हणजे गोचीड.

जुनी माणसे आम्हांला विचारतात, "फादर, आम्ही लहानपणापासून गोचिड्या अंगावर घेऊनच गुरे राखली. कोणाला काही झाले नाही. मग आताच हा माकडताप कोठून आला?" प्रश्न रास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोचीड चावली म्हणजे रोग झालाच असे मुळीच नसते. बहुतेक चावे खाज सुटून विरून जातात. चावणारी गोचीड आपल्या पोटात काय घेऊन फिरते आहे, ह्यावर सारे अवलंबून असते. तेव्हा तिच्या पोटातच थोडे डोकावू या.

गोचीड हा कीटक नव्हे. ती कोळी आणि विंचू ह्यांच्या गोतातली. मोठी झालेली गोचीड आठ पायांची असते, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. पिल्लू, मग कुमार, मग प्रौढ अशा तिच्या तीन अवस्था, आणि प्रत्येक अवस्थेत अन्न एकच, रक्त. पाला नाही, फळ नाही, पाणीसुद्धा वेगळे असे फारसे नाही. जन्मभर केवळ रक्तावर राहणे हे वाटते तितके सोपे नाही, वाचकहो. रक्तात प्रथिने आणि लोह भरपूर असते, पण बी गटातील काही जीवनसत्त्वे फारच थोडी असतात. आपण नुसत्या एकाच पदार्थावर वर्ष काढले, तर आपले जे होईल ते गोचिडीचे व्हायला पाहिजे. ते होत नाही, कारण तिने पोटात स्वयंपाकी ठेवलेले असतात.

१९२५ साली अमेरिकेत ई. व्ही. काउड्री नावाच्या शास्त्रज्ञाने अनेक जातींच्या गोचिड्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्याला त्यांच्या पेशींत सूक्ष्म जंतू दिसले. हे जंतू आईकडून अंड्यात, अंड्यातून पिल्लात असे वंशपरंपरेने जात होते, आणि त्यांच्यामुळे कोणताही रोग होत असल्याचे आढळत नव्हते. ते तेथे करतात तरी काय, हे कळायला पुढे बराच काळ लागला. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी आफ्रिकेतील एका जातीच्या गोचिडीवर प्रयोग केला. प्रतिजैविक औषध देऊन तिच्या अंगातील हे जंतू त्यांनी मारले, तेव्हा गोचिडींची वाढ खुंटली आणि पुष्कळशा मेल्या. मग तशाच गोचिडींना रक्ताबरोबर बायोटिन, रायबोफ्लेव्हिन आणि फॉलिक आम्ल ही बी गटातील जीवनसत्त्वे दिली, आणि त्या पुन्हा वाढू लागल्या. जंतू हे जीवनसत्त्वे रांधून देत होते, असा त्याचा अर्थ.

आमच्या गोठ्यांत गाईच्या कासेला आणि शेपटीच्या मुळाशी जी गोचीड नेहमी दिसते, ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. तिचीही अशीच गत आहे. तिच्या पोटात कॉक्सिएला ह्या जातीच्या जवळचा एक जंतू कायमचे बिऱ्हाड करून असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील अभ्यासात टेट्रासायक्लिन देऊन तो जंतू कमी केला, तेव्हा गोचिडीची पुढची पिढी अर्ध्या वाटेवरच अडली, प्रौढ अवस्थेला पोहोचलीच नाही.

येथे एखादा चलाख शेतकरी म्हणेल, "मग गुरांनाच टेट्रासायक्लिन द्यावे, गोचिडी आपोआप मरतील." आम्ही हात जोडून सांगतो, असे करू नका. प्रयोगशाळेतील गोष्ट वेगळी आणि गोठा वेगळा. ते औषध दुधात उतरते, मुलांच्या पोटात जाते, आणि गाईच्या व माणसाच्या अंगातले जंतू त्या औषधाला निर्ढावतात. मग खरी गरज पडेल त्या दिवशी ते औषध लागू पडत नाही. गोचिडी मारण्याच्या फवाऱ्यांबाबत हा अनुभव आपण घेतलेलाच आहे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ह्यांसारख्या औषधांना न जुमानणाऱ्या गोचिडी देशात अनेक ठिकाणी आढळल्या आहेत. दुकानदाराने दिलेली बाटली अंदाजाने पातळ करून मारणे, हे त्याचे एक मोठे कारण.

तर पोटातील काही बिऱ्हाडे अशी कायमची आणि आपल्याला निरुपद्रवी. पण त्याच घरात पाहुणेही येतात. एखाद्या आजारी जनावराचे रक्त पिताना रोगाचे जंतू आत येतात, आणि पुढच्या जेवणाच्या वेळी लाळेवाटे दुसऱ्या जनावराच्या किंवा माणसाच्या अंगात उतरतात. गोचिडीच्या रोगांचे सारे गाडे ह्या पाहुण्यांवर चालते. काही पाहुणे तर घरच्याच भाऊबंदांपैकी असतात. क्यू ताप ह्या रोगाचा जंतू कॉक्सिएला बर्नेटी हा त्यांतला. हा रोग १९३५ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे कत्तलखान्याच्या कामगारांत प्रथम लक्षात आला. जंतूंच्या जनुकांची तुलना केल्यावर २०१५ मध्ये असे दिसून आले, की हा रोगजंतू गोचिडीच्या निरुपद्रवी कॉक्सिएलांच्याच वंशातून निघाला असावा. माणसाला तो बहुधा गोचिडीपासून होत नाही, तर व्यालेल्या शेळी-मेंढी-गाईच्या वारेपासून आणि त्या वेळच्या पाण्यापासून होतो. विण्याच्या वेळी मदत करणाऱ्यांनी हात नीट धुवावेत आणि दूध उकळूनच प्यावे, एवढे येथे सांगून पुढे जाऊ.

गोचीड रोग पसरविते हे जगाला प्रथम पटले तेही गुरांच्या तापावरून. अमेरिकेत टेक्सासकडून उत्तरेला नेलेल्या गुरांच्या मागोमाग तिकडची गुरे लाल लघवी करून मरत. टेक्सासची गुरे मात्र धडधाकट दिसत. थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न ह्यांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा रोग गोचिडीमार्फत जातो हे सिद्ध करून दाखविले. त्यांत एक मोठे कोडे होते. ती गोचीड आपले सारे आयुष्य एकाच जनावरावर काढते. मग रोग दुसऱ्या जनावराला कसा पोहोचतो? उत्तर असे निघाले, की पोट भरलेली मादी जमिनीवर पडून अंडी घालते आणि रोगजंतू अंड्यांतून पिल्लांत उतरतो. म्हणजे चावणारे पिल्लू जन्मापासूनच रोग घेऊन येते. आपल्याकडे दिसणारी कॉफीच्या रंगाची लघवी ही त्याच जातीच्या रोगाची खूण. गाठी सुजणारा ताप मात्र वेगळा, त्याला थायलेरिया म्हणतात, आणि तो मुख्यतः संकरित व विदेशी रक्ताच्या गाईंना जड जातो. आपली देशी गाय त्याला पुष्कळ तग धरते. दोन्हींवर औषधे आहेत, पण दोन्हींची औषधे निराळी आहेत, आणि ती पहिल्या दोनतीन दिवसांत मिळाली तरच गाय वाचते. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. शेजाऱ्याच्या गाईला जे इंजेक्शन लागू पडले तेच आपल्या गाईला द्या, असा आग्रह पशुवैद्याकडे धरू नये.

आता, कायमची बिऱ्हाडे आणि पाहुणे ह्यांचे आपसांत कसे जमते, हा प्रश्न उरतोच. ह्याचा बारकाईने अभ्यास झाला तो अमेरिकेत, लाइम नावाच्या रोगाच्या निमित्ताने. हा सांध्यांना व नसांना धरणारा रोग तिकडच्या हरणांवरील गोचिडीपासून होतो. १९८२ साली विली बर्गडॉर्फर ह्यांनी त्याचा जंतू दाखवून दिला. २०१४ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी ह्या गोचिडीच्या पोटातील नेहमीच्या जंतूंचा समतोल बिघडवून पाहिला. तेव्हा तिच्या आतड्याच्या आतील संरक्षक पापुद्रा पातळ झाला आणि लाइमच्या जंतूला तेथे ठाण मांडता येईना. त्याला तो पापुद्रा जाडच हवा होता. पण तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच गोचिडीतील ॲनाप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या रोगजंतूबद्दल नेमके उलटे कळले. तो पोटातील जंतूंची घडी मुद्दाम मोडतो, कारण पापुद्रा पातळ झाला की त्याला आत शिरणे सोपे जाते. ज्या जंतूंमुळे एका रोगाला आसरा मिळतो, त्यांच्यामुळेच दुसऱ्याला अडसर होतो. तेव्हा पोटातील जंतू मारले की गोचीड निर्विष झाली, असा सरळ हिशेब येथे चालत नाही.

आता जुन्या माणसांच्या प्रश्नाकडे येऊ. माकडतापाचा पाहुणा हा जंतूंपैकी नव्हे, तो विषाणू आहे. प्रतिजैविकांचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही, हे आधी ध्यानात ठेवावे.

१९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि केलडी पटापट मरू लागली. पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतील माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, लोक तेथे पोहोचले. त्या वेळी केंद्राचे प्रमुख डॉ. टेलफोर्ड वर्क हे होते. माकडे मरताहेत म्हणजे पीतज्वर तर भारतात आला नाही ना, अशी पहिली धास्ती होती. तपासात मात्र निघाला तो रशियाच्या जंगलांतील गोचीड-तापाच्या विषाणूचा एक नातेवाईक. सैबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नसेल, अशी शंका घेऊन पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या प्रवासाचा अभ्यासही मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत डॉ. सलीम अली ह्यांच्या देखरेखीखाली सुरू झाला. पक्ष्यांवरचा आळ काही सिद्ध झाला नाही, पण भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराची मोठी माहिती मात्र त्यातून हाती आली.

ह्या विषाणूची मुख्य वाहक हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही रानातली गोचीड. तिचे वर्षाचे वेळापत्रक शेतकऱ्याने पाठ करावे असे आहे. पावसाळ्यात प्रौढ गोचिडी रानात चरणाऱ्या गुरांचे रक्त पितात आणि जमिनीवर उतरून अंडी घालतात. पाऊस ओसरला की पिल्ले निघतात, ती उंदीर, चिचुंद्री, पक्षी अशा लहान जीवांवर पोसतात. डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत कुमार गोचिडींचा भर असतो. ही कुमार गोचीड जेमतेम तिळाएवढी, आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. आता पाहा, काजूचा हंगामही त्याच महिन्यांतला, पातेरा व सरपण गोळा करण्याचे दिवसही तेच.

माकड हा ह्या साखळीतला भडका उडविणारा दुवा. विषाणू अंगात गेला की वानर व केलडे आजारी पडते, त्याच्या रक्तात विषाणू दाटतो, आणि त्याच्यावरच्या गोचिडी तो पिऊन घेतात. माकड मेले की त्या खाली उतरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची होते. गाईगुरांना मात्र हा ताप बाधत नाही. तरीही त्यांचा ह्यात हात आहे, कारण प्रौढ गोचिडींना पोटभर जेवण तीच देतात. जंगल तोडून, त्याच्या कडेने शेती व बागा करून, गुरे आत सोडून आपणच माणूस, गूर, माकड आणि गोचीड ह्यांना एका पंगतीला बसविले आहे.

पुष्कळ वर्षे हा ताप शिमोगा, उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, उडुपी व चिकमगळूर ह्या भागांतच राहिला. २०१२-१३ च्या सुमारास तो बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडकडे आढळला. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यातील पाली गावी, आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी तो निघाला. गोव्यातील काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांना तो झाल्याची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. आमच्या खानापूर-चंदगडकडील किती माणसे दर वर्षी त्या कामाला जातात, हे वाचकांना सांगायला नकोच. तेव्हा जुन्या गुराख्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांच्या अंगावर चढलेल्या गोचिडींत हा पाहुणा नव्हता. आता आमच्या रानांच्या आसपास तो येऊन पोहोचला आहे, एवढाच फरक. पण तो माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. हा ताप झालेल्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाच जण दगावतात. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत थंडी, जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, आणि काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. बहुतेक जण दोन आठवड्यांत सावरतात. काहींना मात्र ताप जाऊन एकदोन आठवडे बरे गेल्यावर तो पुन्हा उलटतो, आणि त्या खेपेस भ्रम, हातापायांची थरथर, मानेचा ताठरपणा अशी मेंदूची लक्षणे दिसतात. म्हणून ताप उतरला की लगेच कुऱ्हाड घेऊन रानात जाऊ नये.

ह्यावर नेमके औषध नाही. एक लस कर्नाटकात १९९० पासून देत असत, पण तिचा गुण अपुरा ठरल्याने २०२२ मध्ये ती बंद झाली. तेव्हा भिस्त काळजीवरच. विषाणू लाळेबरोबर लवकर उतरू शकतो, म्हणून चावल्यानंतर काढण्यापेक्षा चावूच न देणे बरे.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ कपडा आणि त्याची टोके मोज्यांत खोवलेली असावीत. उघड्या अंगाला गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे. ह्या तापाच्या भागात आरोग्य केंद्रातून असे तेल देतात, ते मागून घ्यावे. बाटली फळीवर ठेवून काम होत नाही. दुपारच्या भाकरीला पातेऱ्यावर बसू नये, उघड्या खडकावर बसावे. रानातला ताजा पातेरा अंगणात किंवा पडवीत आणून पसरू नये, आणि लहान मुलांना त्यात खेळू देऊ नये. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी आणि काख, जांघ, गुडघ्यामागची लवण, कानामागची जागा, केसांची मुळे तपासावीत. बायामाणसांनी लाजेने हे टाळू नये, एकमेकींचे पाहावे.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढावी, पिळू नये. रॉकेल, चुना, विडीचा चटका ह्यांपैकी काही लावू नये. त्याने ती पोटातले सारे आत ओकते. नखाने चिरडण्याची सवय तर सोडाच. गुजरातेत २०११ मध्ये क्रायमियन-काँगो नावाचा रक्तस्रावी ताप आढळला, तोही गोचिडीचाच, आणि तो चिरडलेल्या गोचिडीच्या व जनावराच्या रक्तानेही होतो. रुग्णाची सेवा करणारे डॉक्टर व परिचारिकाही त्यात दगावले. काढलेली गोचीड साबणाच्या पाण्यात टाकावी, जागा धुवावी.

गोठ्यातल्या भिंतींच्या भेगा लिंपून चुना फासावा, कारण मादी तेथेच दोन-तीन हजार अंडी घालते. कोंबड्या मोकळ्या सोडल्या तर त्या गोचिडी टिपून खातात, हा जुना उपाय आजही चांगला आहे. रानात चरायला जाणाऱ्या गुरांना पशुवैद्याने सांगितलेले औषध सांगितलेल्या प्रमाणातच लावावे.

माकड मेलेले दिसले तर जवळ जाऊ नये. वानराला हार घालून मूठमाती देण्याची आमच्या शेजाऱ्यांची भावना आम्हांला ठाऊक आहे आणि तिचा आम्ही मानच राखतो. पण ह्या महिन्यांत ते काम वनखात्याच्या व पशुवैद्यकीय खात्याच्या लोकांनाच करू द्यावे. ते नमुना घेतात आणि भोवतालच्या सुमारे पन्नास मीटर जागेत कीटकनाशक भुकटी टाकतात. ग्रामपंचायतीत त्याच दिवशी कळवावे, दुसऱ्या कोणी कळविले असेल असे समजू नये.

ताप आलाच तर ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या जोरकस गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे, की मी अमुक दिवशी अमुक रानात किंवा काजूच्या बागेत होतो, तेथे माकड मेले होते की नव्हते, आणि अंगावर गोचीड सापडली होती की नव्हती. एवढे कळले तर ते रक्ताचा नमुना योग्य तपासणीसाठी पाठवू शकतात.